रेमेतची पायडिश

तिसरा चिमटाभर निखारा आत पडला आणि भांडे वाजले. टण्ण! एकदाच, आणि अगदी स्वच्छ. कमळाबाईंचा चिमट्याचा हात तिथल्या तिथे थांबला. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर केसाएवढी रेघ उमटली, काठापासून निघाली, तळातून सरळ पलीकडे गेली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भांड्याची दोन शकले झाली. निखारे मागीलदारच्या सारवलेल्या जमिनीवर पसरले.

"आई, काय फुटलं गं?" आतून नीलाचा आवाज आला. विषमज्वरातून उठलेल्या पोरीचा आवाज तो, चिरकलेला आणि हट्टी.

"काही नाही. तू पडून राहा."

"काही नाही कसं? वाजलं की!"

कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलून निखाऱ्यांवर ओतला, चर्र झाले, राखेची वाफ तोंडावर आली. दोन्ही शकले त्यांनी फडक्याने उचलली आणि एकाला एक लावून पाहिली. अगदी बेमालूम बसली. पण आतल्या बाजूला निखारे टेकले होते तिथे काळे डाग उमटले होते, आणि ते घासून जाणारे नव्हते. तरीही त्यांनी घासून पाहिले. राखेने पाहिले, चिंचेने पाहिले. मग पदराला हात पुसून त्या पायरीवर बसल्या.

भांडे त्यांचे नव्हते. शेजारच्या रेमेतचे होते.

कल्याणच्या रेल्वेच्या चाळीत त्या दोघी भिंतीला भिंत लावून राहत होत्या, त्याला आता सहा-सात वर्षे झाली होती. कमळाबाई मूळच्या गुहागरकडच्या. यजमान पार्सल ऑफिसात कारकून; त्यांना सारी चाळ भाऊ म्हणे. रेमेत वसईकडची ख्रिस्ताव बाई, तिचा नवरा पास्कू ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसात बॉयलरवर होता. बाई आडमाप, हसायची मोठ्याने, बोलायची त्याहून मोठ्याने. कमळाबाईंनी पहिल्या वर्षी तिच्याशी जेवढ्यास तेवढे ठेवले. पण मागीलदारी दोघींची एकच मोरी, एकच नळ, आणि त्या नळाला पाणी यायचे ते संध्याकाळी. बादली भरेपर्यंत माणूस किती वेळ गप्प बसणार? हळूहळू बोलणे वाढले. लोणच्याची फोड भिंतीवरून पलीकडे जाऊ लागली. पलीकडून मात्र काही इकडे येत नसे. फार तर झाडावरची शेवग्याची शेंग, न शिजवलेली. ह्याबद्दल दोघींत कधी शब्द झाला नव्हता. रेमेतला ते ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे कमळाबाईंना ठाऊक होते.

माघात नीला आजारी पडली. ताप हटेना. ज्या रात्री पोर बरळायला लागली आणि भाऊ नेमके रात्रपाळीला होते, त्या रात्री कमळाबाईंनी भिंत बडवली. रेमेत तशीच, केस मोकळे, धावत आली. विचारले नाही, सवरले नाही, थेट आतल्या खोलीत शिरली आणि पोरीचे डोके मांडीवर घेऊन बसली. कपाळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवीत, हातापायांना चोळीत, आपल्या येशूची आणि मायमारीची नावे घेत तिने उजाडेपर्यंत पोर सांभाळली. पुढेही रात्रीमागून रात्री ती येत राहिली. डॉक्टर म्हणाले, सेवा चांगली झाली म्हणून मुलगी वाचली.

ताप गेला, पण तोंडाची चव गेली ती येईना. मऊ भात नको, मेतकूट नको, साबुदाण्याची पेज तर डोळ्यांसमोर नको. एके दिवशी नीला म्हणाली, "मला त्या नळ्या हव्यात. रेमेतमावशीच्या."

"कसल्या नळ्या?"

"नाताळात तिनं केल्या होत्या त्या. मॅकरोनी. वरून खरपूस, आतून दूध-दूध. सगळ्या चाळीत वास सुटला होता."

वरून कशी, आतून कशी, वास कसा, हे पोरीने सांगितले. खाल्ल्याचे सांगितले नाही, आणि आईनेही खोलात जाऊन विचारले नाही.

मोरीवर कमळाबाईंनी विषय काढला तेव्हा रेमेत बादली सोडून उभी राहिली. "पोरीने मागितली? माझी मॅकरोनी? अगो, मग करू की!"

"पण आमच्यात अंडं चालत नाही. मांस तर—"

"मना काय नवीन सांगतेस? अंड्याबिगर करायची. लोण्यावर मैदा परत, लाल नको करू हां, मग दूध ओत, ढवळत राहा. साहेबाच्या बंगल्यात चीज घालायचे. ते नाय तर नाय. दही फडक्यात टांग, त्यातला चक्का घाल, मिठाचा. टोमॅटोच्या चकत्या वर. त्यावर पावाचा चुरा."

"पाव नको."

"मग शिळ्या पोळीचा कडक चुरा घाल, माझे काय जाते!" रेमेत हसली. "वर इंगळ, खाली इंगळ. ते तर तुना येतेच. तू ते काकडीचे काय करतेस?"

"धोंडस."

"तेच. तसेच भाजायचे."

मॅकरोनीचा विकतचा पुडा कमळाबाईंना नको होता. कुणी कशाने मळली असेल, कोण जाणे. त्यांनी गव्हाचा रवा भिजवून कुटला, त्याच्या बारीक गोळ्या केल्या, आणि गव्हले वळायला बसावे तशा अंगणात पाट टाकून बसल्या. लोकरीची सुई तेलाचा हात लावून घेतली. तिच्यावर एकेक गोळी फिरवायची, लांबवायची, आणि अलगद ओढून काढायची. नळी तयार. रेमेत भिंतीवरून मान काढून बघत होती. ती म्हणाली, "साहेबाच्या मडमेने बघितले असते ना कमळबाय, तर तुना विलायतेला घेऊन गेली असती!"

"जाते मी! समुद्र ओलांडून!"

"तिकडे कीर्तन नाय म्हणून राहिलीस, दुसरे काय!" दोघी हसल्या.

प्रश्न राहिला भांड्याचा. अशा पदार्थाला पसरट भांडे हवे, म्हणजे वरचा खरपूस पापुद्रा सगळ्यांच्या वाट्याला येतो. कमळाबाईंच्या पसरट पितळी लंगडीची कल्हई उडाली होती. तिच्यात दही-टोमॅटो घातले असते तर कळकले असते. तेव्हा रेमेत आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेले ते भांडे घेऊन आली. चिनी मातीचे, लांबट, काठाला निळी वेल. ती त्याला पायडिश म्हणे.

"माझ्या आयची आहे ही. आय इगतपुरीला साहेबाच्या बंगल्यात स्वैपाकाला होती. साहेब विलायतेला गेला तवा मडमेने तिला दिली. आय गेली, मना दिली." तिने ते भिंतीवरून पुढे केले. मग थोडे थांबून म्हणाली, "घासून दिलीय मी. राखेने. दोनदा."

ती एवढे का म्हणाली, हे कमळाबाईंना कळले. त्यांनी भांडे घेतले.

आणि घरात आणल्यावर त्यांनी ते तीन वेळा घासले. तरी मन घेईना. नाताळात ह्यात काय काय भाजले असेल! सासूबाई असताना घरातले भांडे बाहेरच्याकडे जाऊन आले, कुणी परक्याने त्यात खाल्ले, की त्या त्यात निखारे भरत, पालथे करून आगीवर धरीत, आणि मगच ते चुलीशी येई. तांबे, पितळ, कासे सारे त्यातून गेले होते. कमळाबाईंच्या हाताला वळणच तसे पडले होते. चिनी मातीचे भांडे ह्या घराच्या चुलीशी कधी आलेच नव्हते. त्याला निखारा सोसेल की नाही, हा विचार कमळाबाईंच्या डोक्यातही आला नाही. त्यांच्या मते त्या फक्त भांडे स्वच्छ करीत होत्या.

आता दोन शकले मांडीवर होती.

पोरीला कबूल केले होते, म्हणून त्या उठल्या. पातेल्यात पाणी उकळून नळ्या सोडल्या. लोणी विरघळवले, मैदा परतला, दूध एकदम ओतले गेले आणि गुठळ्या झाल्या. त्या पळीने चेचून मोडल्या. चक्का कालवला, मीठ, मिरपूड. कल्हईचे एकच खोल पातेले होते, त्यात नळ्या आणि दूध थरावर थर घातले, टोमॅटोच्या चकत्या मांडल्या, पोळीचा चुरा भुरभुरवला. खाली मंद निखारे, वर ताटली, ताटलीवर निखारे. पुन्हा चिमटा हातात घेताना त्यांनी शकलांकडे पाठ केली. थोड्या वेळाने वास सुटला. दुधाचा, लोण्याचा, भाजल्या पोळीचा. तो नाताळाचाच वास होता. चाळीत लोक म्हणाले असतील, रेमेतकडे आज काय आहे?

नीलाने वाटीभर खाल्ली. मग आणखी वाटीभर. पातेल्याच्या कडेचा खरपूस पापुद्रा तिने चमच्याने खरवडून काढला. कमळाबाई समोर बसून बघत होत्या. महिनाभर ज्या क्षणासाठी त्यांनी रामाला साकडे घातले होते तो हा क्षण, आणि त्यांचे लक्ष कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेल्या शकलांकडे होते.

भाऊ दुपारी ड्यूटीवरून आले, टोपी खुंटीला लावली आणि वासानेच खूश झाले. "वा! इंग्लिश खाणं! उद्या मला टाय बांधावा लागणार."

कमळाबाईंनी फडके उलगडून त्यांच्यापुढे धरले.

भाऊंनी शकले पाहिली, काळे डाग पाहिले, बायकोच्या तोंडाकडे पाहिले. बत्तीस वर्षांचा संसार. विचारायचे काही राहिले नाही. "अगं, चिनी मातीत कुणी निखारे घालतं का?"

"सासूबाई घालायच्या."

"पितळेत! पितळेत घालायची माझी आई!" मग ते खाली बसले, आवाज उतरवला. "हे बघ. हातातून पडलं म्हणून सांग. भांडंच आहे. भांडी पडतात. आपण तिला दुसरं आणून देऊ. ठाण्याला मिळेल, नाहीतर मुंबईला."

"तिच्या आईचं होतं."

"तर मग खरं सांगणार आहेस? सांग. 'बाई, तुझ्या भांड्याचा मला विटाळ वाटला, म्हणून जाळून घेतलं.' सांगतेस?"

कमळाबाई फडक्याची टोके पुन्हा एकावर एक घेऊ लागल्या.

"तिलाही वाईट, तुलाही वाईट. त्यापेक्षा पडलं. माणसाला खोटं बोलायला लागतं कधीकधी, दुसऱ्याच्या भल्यासाठी."

"पडल्यावर असा आवाज होत नाही," कॉटवरून नीला म्हणाली. "पडल्यावर खळ्ळ होतं. हे टण्ण झालं."

"तू झोप!" दोघे एकदम म्हणाले.

रेमेत चारच्या सुमाराला आली. नेहमीप्रमाणे मागीलदाराने, नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर बसली. ह्या घरात आत शिरली होती ती फक्त तापाच्या रात्री. "खाल्ली काय पोरीने?"

"दोन वाट्या," नीलाने आतून ओरडून सांगितले. "मावशी, मस्त झालीय!"

"आई देव!" रेमेतने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला. तिचे डोळे भरून आले. "मना पण दे गो थोडी. कशी झाली बघू."

कमळाबाईंनी केळीचे पान कापून ठेवलेच होते. पानावर वाढले. पान बरे, धुवायचा प्रश्न नाही, हे नेहमीचेच. पण आज ते पान रेमेतच्या पुढ्यात ठेवताना त्यांची मान वर झाली नाही. रेमेतने बोटांनी घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चघळीत राहिली.

"माझ्या आयची अशी व्हायची," ती म्हणाली. "अगदी अशी. थोडे खरपूस कमी हाय. पसरट भांड्यात वर जास्त लागायला पायजे होते. खोल झाली काय?"

कमळाबाईंनी पातेले हळूच आपल्याकडे ओढले.

"बरं, जाते. पास्कू येईल. पायडिश दे ती."

भाऊ बाहेरच्या खोलीत संध्याकाळच्या कीर्तनासाठी झांजा पुसत होते; तो आवाज थांबला. नीला कॉटवर उठून बसली. कमळाबाई पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक तुकडा नखाने खरवडीत म्हणाल्या, "रेमेत... ती फुटली गं. हात निसटला."

रेमेत ताडकन उठली, खाली वाकली आणि त्यांच्या पायांकडे बघू लागली. "लागले काय? पायावर पडली? बघू, चिनी लय वंगाळ कापते."

"नाही, नाही. लागलं नाही."

"मग जाऊ दे." ती हसली, पण हसू नेहमीएवढे मोठे नव्हते. "आयच्या हातनं पण एकदा काठ उडालेला. तुकडे टाकले काय?"

"टाकणारच होते."

"नको टाकू. दे मना."

आता नाही कसे म्हणणार? कमळाबाईंनी फडक्यातली शकले आणून दिली. रेमेतने एक उजेडाकडे धरले. निळी वेल तशीच होती. तिने शकल उलटले. आतले काळे डाग तिला दिसले. तिने डागावर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, अंगठा नाकाशी नेला. मग दुसऱ्या शकलाकडे पाहिले. तिथेही तेच. तिचा नवरा जन्मभर कोळशावर होता. निखाऱ्याचा डाग तिला कुणी दाखवून द्यायला नको होता.

कमळाबाईंना वाटले, आता ही बोलेल. ओरडेल. चाळ गोळा करील. तसे झाले असते तर बरे झाले असते.

रेमेतने शकले पुन्हा फडक्यात गुंडाळली. "तुझे फडके उद्या धुऊन देते," ती म्हणाली, आणि केळीचे पान आपल्या हाताने उचलून, घडी घालून, मोरीकडच्या कचऱ्यात टाकून निघून गेली.

त्या संध्याकाळी राममंदिरात रामनवमीच्या नवरात्राचे कीर्तन होते. ह्या वर्षी बुवा नाशिककडून आले होते. आवाज पहाडी, आणि तालात पक्के. भाऊ त्यांच्या मागे झांजेला उभे राहत. कमळाबाईंची जागा ठरलेली, बायकांच्या बाजूला खांबाशी. त्यांना कीर्तनाचे वेड होते, आणि त्या वेडाची मंडळी थट्टाही करीत. चाळीतल्या चित्राबाई म्हणत, "बुवांनी नुसता पंचा झटकला तरी कमळाबाईंच्या डोळ्यांना पाणी!" ते खरे होते. देवाचे नाव सुरात कानावर पडले की त्यांचे आतले काहीतरी सुटून वाहू लागे. घरी आल्यावर दोन दिवस त्या हलक्या असत, आणि दुधवाल्याशीही गोड बोलत.

आज पूर्वरंग झाला, बुक्का लागला, बुवांना हार पडला, उत्तररंग सुरू झाला. आख्यान असे होते की देव भर दुपारी उपाशी पोटी एका कुंभारणीच्या दारात येतो. घरात शिजलेले आहे ते मुलांच्या उष्ट्या, मातीच्या परळात. बाई लाजेने दाराआड उभी. देव म्हणतो, माये, आधी वाढ, परळ मग शोध. बुवांनी ती ओळ तीन वेगवेगळ्या सुरांत घोळवली. मृदंग मंद झाला. बुवा हात पसरून उभे राहिले, देवच जणू जेवायला मागत होता. बायकांत मुसमुस सुरू झाली. चित्राबाई पदराने नाक पुसू लागल्या आणि सवयीने कमळाबाईंकडे वळल्या.

कमळाबाईंचे डोळे कोरडे होते.

त्यांनी मूर्तीकडे पाहिले. तोंडात नाम धरून पाहिले. काही हलेना. एवढी वर्षे ज्या दारातून पाणी वाहत आले ते दार कुणी आतून लावून घेतल्यासारखे झाले, आणि त्यांना भीती वाटली. पोरीच्या तापाला वाटली होती तेवढी. तिथे त्यांना दुसरे काही दिसत नव्हते. दिसत होता तो रेमेतचा अंगठा, काळ्या डागावर फिरणारा.

त्या उठल्या. आरती होण्याआधी कीर्तनातून उठणे! जन्मात त्यांनी ते केले नव्हते. कुणी उठले तर त्या डोळे वटारून बघत. "अहो, कुठं? बरं नाही का?" चित्राबाईंनी लुगडे ओढले. कमळाबाईंनी ते सोडवून घेतले, बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढली. बुवांच्या मागे भाऊंची झांज एक ठोका चुकली.

बाहेर अजून उजेड होता. त्या भरभर चालत चाळीच्या मागीलदारी आल्या. नळाला पाणी आले होते. रेमेत मोरीवर पास्कूच्या कोळशाने मळलेल्या चादरी धूत होती, गुडघ्यापर्यंत लुगडे खोचून. तिने वर पाहिले.

"कीर्तन सुटले?"

"नाही. मी उठून आले." कमळाबाईंना धाप लागली होती. "रेमेत, ती पडली नाही. मी तिच्यात निखारे घातले."

"ठावं हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस काय बघत होते." रेमेतने चादर दगडावर आपटली. "आय सांगायची, मडमेने कुत्र्याला पण त्याच्यात घातलेले कधी. आयने काय ते धुऊन घेतले नाय? घेतले. पण जाळले नाय गो."

"माझी चूक झाली."

"भांडे गेले त्याचे काय नाय. भांडे जाणारच." ती थांबली. हात तसेच साबणाच्या फेसात. मग कधी नव्हे एवढ्या हळू आवाजात तिने विचारले, "कमळबाय, पोरीला ताप होता तवा माझा हात तिच्या कपाळावर रातभर होता. मी घरी गेले की त्या कपाळाला काय करायचीस?"

कमळाबाईंना उत्तर सुचले होते. 'काही नाही' हे दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. नळाचे पाणी बादलीतून सांडून वाहत होते, आणि कुणी ते बंद करीत नव्हते.

"पुसायची," त्या म्हणाल्या. "गोमूत्राने."

"रोज?"

"रोज."

रेमेतने मान हलवली. रागाने नाही, हिशेब जमला की माणूस हलवतो तशी. तिने नळ बंद केला. मोरीवर एकदम शांत झाले.

कमळाबाईंना काय करावे ते सुचेना. हात जोडावेत तर ते नाटकी. पाय धरावेत तर ती धरू देणार नाही. त्या एकदम म्हणाल्या, "मला पाणी दे प्यायला. तुझ्या घरातलं. तुझ्या माठातलं."

रेमेतने त्यांच्याकडे नीट पाहिले. डोक्यातल्या वेणीपासून कपाळावरच्या ताज्या बुक्क्यापर्यंत. "तहान लागली?"

कमळाबाईंनी तोंड उघडले, आणि आज दुसऱ्यांदा खोटे बोलवेना. "नाही."

"मग लागेल तवा माग."

मंदिराकडून शंख वाजला. आरती उभी राहिली होती. टाळ्यांचा गजर भिंतीवरून मोरीपर्यंत आला.

"आरती लागली तुमची," रेमेत म्हणाली. "जा."

कमळाबाई गेल्या नाहीत. जायला पाय उचलत नव्हते आणि थांबायला तोंड नव्हते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, दंड अंगाशी घट्ट धरून, शाळेत शिक्षा झालेली पोर उभी राहते तशा. रेमेतने दगडावरची चादर उचलली. दुहेरी, जाड, पाण्याने जड झालेली. एकटीच्या हाताने पिळवेना. पहिला पीळ बसला आणि सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिने एक सुस्कारा टाकला आणि दुसरे टोक न बघताच त्यांच्याकडे फेकले.

"धर."

कमळाबाईंनी धरले.

"सैल नको. जोर लाव."

रेमेत एका बाजूला वळली, त्या दुसऱ्या बाजूला. दोघींच्या मधे चादर ताठ झाली, आखूड झाली. काळपट पाणी सुटले आणि कीर्तनाला नेसलेल्या लुगड्याच्या काठावरून कमळाबाईंच्या पावलांवर निथळू लागले. बादलीत अजून दोन चादरी होत्या.